आठ ओमची सोयरीक

मंगळवार, ४ फेब्रुवारी

चर्चच्या मयत-मंडळाने ही डायरी फुकट वाटली. अराबा म्हणाली, "हल्ली संध्याकाळी भिंतीशी बोलतोस. त्यापेक्षा वहीशी बोल, भिंतीला कंटाळा आलाय." बायकोला काय, तोंडाला चाळा हवा. पण वही कोरी ठेवली तर ती पानं फाडून भाजलेले मासे गुंडाळणार. म्हणून लिहितो.

क्वामेना ओटू गेला. तो ट्रंपेट वाजवायचा, मी बास गिटार. सेकोंडीच्या रेल्वे कारखान्यात दोघं फिटर, शनिवारी रेल्वे बँडात दोघं वादक. माणूस उधळा होता, थापाड्या होता, आणि ट्रंपेटमधली थुंकी नेमकी माझ्या बुटावर झटकायचा. असो. सगळेच जातात.

परवा आठवड्याचा विधी झाला, मयताची तारीख ठरली. एक मार्च, शनिवार. तोवर तो इस्पितळाच्या थंड खोलीत. त्याला उकाडा सोसायचाच नाही, तेव्हा मजेत असेल.

शेवटचं भेटलो तेव्हा म्हणाला होता, "एबो, माझ्या मयताला ती रेकॉर्ड लावणारी पोरं आणू देऊ नकोस. शवपेटी बाहेर काढताना आपला बँड हवा. आणि तुझा बास त्या जुन्या व्हॉल्व्हवाल्या अ‍ॅम्पमधूनच. पेटीचं झाकण थरथरलं पाहिजे."

मी म्हटलं, "बघू." बघू म्हणजे हो नव्हे. पण आज अ‍ॅम्प पलंगाखालून काढला, पुसला. बस, इतकंच.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

अ‍ॅम्प ठीक आहे. गिटारचा आवाज मोठा करणारं हे धूड इंग्रज रेल्वे क्लब सोडून गेले तेव्हा मागे ठेवून गेले. आत दिव्यासारखे तापणारे काचेचे व्हॉल्व्ह, बुडाशी लोखंडी ट्रान्सफॉर्मर, उचलायला दोन माणसं. स्पीकरचं खोकं मात्र संपलं. लाकूड वाळवीने खाल्लं, स्पीकरचा कागद खाऱ्या हवेने. नुसता हात लावला तर खोकं खाली बसलं, क्वामेना तिसऱ्या ग्लासानंतर बसायचा तसं.

टांडो आला. तो आमचा गिटारवाला. जुन्या बँडातले आता आम्ही दोघंच.

म्हणाला, "एबो, चर्चमधला छोटा अ‍ॅम्प आणू. नवा आहे, हलका आहे, स्पीकर आतच आहे. काही भानगड नाही."

"तो डास आहे."

"डास तर डास. वाजतो ना?"

"डासाने पेटीचं झाकण थरथरतं का?"

"तुलाच भानगडी आवडत नाहीत ना? मग ही कसली?"

मूर्खांशी वाद घालायला मला वेळ नाही. संध्याकाळभर बसून होतो, पण ते वेगळं.

सोमवार, १० फेब्रुवारी

क्वान्साकडे गेलो होतो. क्वान्सा म्हणजे क्वामेनाच्या आईच्या कुळाचा कारभारी. माणूस आईच्या कुळाचा, म्हणून मयत आईचं कूळ करतं. बँड हवा तर खोकं द्या, म्हटलं.

आज खोकं आलं. नुसतं आलं असतं तर बरं. चौघांच्या डोक्यावर आलं, पुढे छत्री, मागे बायका गात. सुतारांकडून नवीन करून घेतलंय. पुढच्या जाळीवर कुळाचं चिन्ह, हा एवढा हिरवा पोपट.

"कसं आहे?" क्वान्साने विचारलं.

"वाजवल्यावर सांगेन."

"पोपटाचा डोळा बघितलास का? काच बसवलीय."

"डोळ्यातून बास येत नाही, कारभारी."

रागावला नाही. तो पोपटाकडेच बघत होता.

बुधवार, १२ फेब्रुवारी

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आज कप्तान अम्मिसा आला, दोन नंबरच्या पलटणीचा. पलटणी जुन्या, एके काळी गावासाठी लढणाऱ्या; आता सण, मिरवणुका आणि मयतं सांभाळतात. कूळ आईकडून, पण पलटण बापाकडून, आणि क्वामेना त्यांच्या पलटणीचा. मागोमाग त्यांचंही खोकं. तांबडं-पांढरं, त्यावर तोफ. पोपटापेक्षा वीतभर उंच. मुद्दामच.

पाणी दिलं, मग विचारलं, काय निरोप.

"निरोप हा," अम्मिसा म्हणाला, "की क्वामेनाने पलटणीच्या मिरवणुकीत जन्मभर ट्रंपेट फुंकला. आणि आता निरोप पोपटातून? शवपेटी आम्ही उचलणार. तोफ वाजली नाही, तर पेटी जागची हलणार नाही."

तो गेला आणि क्वान्सा हजर. गावात बातमीला चपला लागत नाहीत. म्हणाला, "पोपट वाजला नाही तर बँड नको. मयत आमचं आहे. रेकॉर्डवाली पोरं तयार आहेत, सगळं गाव हादरवतात."

म्हणजे एकाचं लावलं तर पेटी उठत नाही, दुसऱ्याचं लावलं तर बँड नाही.

मी म्हटलं, यात एवढं काय? दोन्ही लावू.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

अ‍ॅम्पच्या मागे दोन भोकं, समोर दोन खोकी. यात शिकायचं काय? लावली.

मागे एक चकती आहे, तिच्यावर चार, आठ, सोळा असे आकडे. आमच्या जुन्या खोक्याला ती सोळावर असायची. मी तिला कधी हात लावला नाही. चालत्या गोष्टीला हात लावू नये, हे कारखान्यात शिकलो.

पहिला सूर काय आला! शेजारची बकरी दावं तोडून पळाली. अराबाच्या ताटातले मासे पुन्हा पोहायला लागले. मी म्हटलं, क्वामेना, ऐक लेका. म्हणजे तसं म्हटलं नाही, आपलं मनात आलं.

मग आतला एक व्हॉल्व्ह लाल झाला. नेहमीचा लाल नाही, लोहाराच्या भट्टीचा. मग दुसरा. करपल्याचा वास, फट् असा आवाज, आणि सगळं गप्प.

अंगणातून अराबा ओरडली, "झालं का मयत?"

शनिवार, १५ फेब्रुवारी

अजोआकडे दुरुस्तीला नेला. स्टेशनमागे तिचं दुकान, रेडिओपासून सिनेमाच्या मशीनपर्यंत सगळं उघडून ठेवलेलं. च्युइंगम खाते, आणि ते खाताना बोलायचं थांबत नाही.

"एग्या, हे कुणी केलं?"

एग्या म्हणजे बाप. म्हाताऱ्याला सगळे म्हणतात, पण ती म्हणते तेव्हा त्यात बाप कमी आणि मूल जास्त ऐकू येतं.

"आपोआप झालं," मी म्हटलं.

"आपोआप केस पिकतात. हे नाही होत. खोकी कुठली?" सांगितलं. ती हसली. "त्या सुतारांचीच ना? दोन्ही चार-चार ओमची. तुम्ही शेजारी-शेजारी लावलीत, झाले दोन ओम. आणि चकती सोळावर! म्हाताऱ्या माणसाला एवढं ओढायला लावतात का?"

"मी काही म्हातारा नाही."

"मी अ‍ॅम्पबद्दल बोलतेय."

मी विचारलं, "ओम म्हणजे काय? आवाज किती येतो ते?"

"नाही. स्पीकर किती अडवतो ते."

"स्पीकर अडवतो? मग घ्यायचा कशाला?"

तिने च्युइंगम चावायचं थांबवलं. म्हणाली, "बुधवारी सकाळी किनाऱ्यावर या. मंगळवारी नको, त्या दिवशी समुद्राला सुट्टी, कोळी येत नाहीत."

व्हॉल्व्ह दोन गेले. ट्रान्सफॉर्मर वाचला. बंद पडलेल्या सिनेमाच्या मशीनमधले व्हॉल्व्ह तिच्याकडे आहेत, ते बसवते म्हणाली. "पण ट्रान्सफॉर्मर जळाला तर माझ्याकडे आणू नका, सरळ क्वामेनाच्या शेजारी ठेवा. असला मी आणू कुठून?"

टांडोला सांगितलं. तो म्हणाला, डास अजून चर्चमध्येच आहे.

बुधवार, १९ फेब्रुवारी

गुडघा सुजलाय. कारण लिहितो.

किनाऱ्यावर अजोआचा भाऊ आणि त्याच्या होडीवरचे कोळी जाळं सुकवत होते. अजोआने एक दोर माझ्या हातात दिला. दुसरं टोक एका म्हाताऱ्या कोळ्याच्या हातात, माझ्याच अंगकाठीचा.

"ओढा."

ओढला. तो तिकडून, मी इकडून. दोर ताठ, पाय वाळूत घट्ट. मजा येत होती.

"हा आठ ओमचा अ‍ॅम्प, आठ ओमचं खोकं. दोघांची ताकद जुळलेली," अजोआ म्हणाली. मग तिने चार दांडगे त्या टोकाला उभे केले. "आता ओढा."

मी तोंडावर. वाळू नाकात.

"हे शुक्रवारचं. दोन खोकी शेजारी लावली की ती जास्त मदत करत नाहीत, जास्त मागतात. मग व्हॉल्व्हचे हात खांद्यातून निघतात."

उठलो. पुन्हा एकटा कोळी समोर. मी सगळा जोर लावला आणि तिने त्याला खूण केली. त्याने दोर सोडून दिला.

मी पाठीवर. आकाश दिसलं. कोळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आणि हे सगळ्यात वाईट," अजोआ वाकून म्हणाली. "खोकं न लावता वाजवायचं. समोर धरणारं कुणी नाही, आणि अ‍ॅम्प पूर्ण जोर लावतो. ट्रान्सफॉर्मरची कंबर तिथेच मोडते. नवे अ‍ॅम्प सोसतात. व्हॉल्व्हवाले नाही सोसत. त्यांना समोर कुणीतरी लागतंच."

"हे तोंडी सांगता आलं असतं," मी म्हटलं.

"तोंडी सांगितलेलं तुम्ही कधी ऐकलंय?"

मागे कुणीतरी हसलं. बघतो तर अराबा, माशांची पाटी घेऊन. एरवी ती या बाजूला मासे घ्यायला येत नाही. दोघींचं आधीच ठरलेलं दिसतं.

समोर कुणीतरी लागतं म्हणे. अ‍ॅम्पचे काय एकेक लाड!

गुरुवार, २० फेब्रुवारी

गुडघा जरा बरा. अ‍ॅम्पही बरा.

अजोआने एक छोटी लाकडी पेटी केलीय. अ‍ॅम्पमधून एक वायर तिच्यात येते. मग सूर पोपटातून जाऊन तोफेत आणि तिथून परत, असं एकच रिंगण. शेजारी-शेजारी नाही, एकामागे एक. तशी लावली की ओमची बेरीज होते. चार आणि चार आठ. चकती आठवर. हे मलाही कळलं, म्हणजे खरंच सोपं असणार.

वाजवलं. गोड. व्हॉल्व्ह शांत. बकरी जागच्या जागी.

पण एक मेख आहे. रिंगण कुठेही तुटलं, कुणी एकाचीही वायर काढली, की दोन्ही खोकी गप्प आणि अ‍ॅम्प किनाऱ्यावरच्या माझ्यासारखा पाठीवर. अजोआने अ‍ॅम्पच्या जोर थांबवणाऱ्या खटक्याला तिचं लाल नेलपॉलिश लावून दिलंय. "आवाज गेला की पहिल्यांदा गिटारच्या तारा हाताने दाबा, मग हा खटका पाडा. मग शिव्या द्या. हाच क्रम."

मी म्हटलं, क्रम उलटा असता तर जमलं असतं.

रविवार, २३ फेब्रुवारी

चर्चनंतर क्वान्सा आणि अम्मिसा दोघांना घरी बोलावलं. एकामागे एक लावलंय, एवढंच सांगून मोकळा होणार होतो. केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, आणि मासे ताटात होते. दोन घोट पाणी, आणि झालं सुरू.

क्वान्सा म्हणाला, "एकामागे एक? मग पहिलं कुणाचं?"

अम्मिसा म्हणाला, "तोफ नेहमी पुढे असते."

"तोफ पुढे असते, कारण पलटणीत स्वतः पुढे उभं राहायची हिंमत नसते."

"पोपट दुसऱ्याचं बोललेलंच बोलतो. त्याला मागेच ठेवा."

"मयताचा मालक मागे?"

"पेटी उचलणारा मागे?"

मी म्हटलं, "सूर आहे हा, सरकारी रांग नाही." दोघंही माझ्यावर ओरडले. त्या एका गोष्टीत एकमत.

स्वयंपाकघरात अजोआ अराबाला कांदा चिरून देत होती. मी आत गेलो. म्हटलं, "पहिलं कुणाचं ते सांग, म्हणजे दुसऱ्याला हाकलतो आणि डास आणतो."

ती म्हणाली, "दोघांचं."

"अजोआ, माझा गुडघा अजून दुखतोय. मस्करी नको."

"मस्करी नाही. सूर एका बाजूने वाहत नाही, एग्या. तार थरथरते तशी वीज मागेपुढे होते. या क्षणी पोपटाकडून निघाली, तर पुढच्या क्षणी तोफेकडून. दोघांना पहिलं म्हणून सांगा. पाद्रीबाबांसमोर शपथ घेऊन सांगा."

क्वान्साला पपईच्या झाडाखाली नेलं. म्हटलं, "कारभारी, वीज पहिल्यांदा पोपटात शिरते. कुठे बोलू नका, त्याला वाईट वाटेल." मग अम्मिसाला पाण्याच्या टाकीमागे नेलं. तेच सांगितलं, तोफेचं.

दोघं परत बसले. एकमेकांकडे अशा दयेने बघत होते की मला हसू दाबावं लागलं. क्वान्साने स्वतःच्या ताटातला मासा अम्मिसाला वाढला. अम्मिसाने त्याला सॉस दिला. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथे दोन घरचे जेवून गेले आणि मला एक मुंडकं उरलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

उद्या. मला त्याचं काही नाही.

वायर तपासली. पुन्हा तपासली. टांडो म्हणाला, "तिसऱ्यांदा का?" मी म्हटलं, सवय. जेवण गेलं नाही, उकाडा फार. अराबाने काळं वस्त्र इस्त्री करून खुर्चीवर ठेवलंय आणि आज दिवसभर मला एकदाही टोमणा मारला नाही. बरं नसेल तिला.

रविवार, २ मार्च

काल लिहायला जमलं नाही. आज लिहितो, सगळं.

सकाळी मैदानात मांडव. एका बाजूला कूळ, काळ्या-तांबड्या कपड्यांत. दुसऱ्या बाजूला पलटण, निशाण घेऊन. मधे बँड. माझ्या डाव्या हाताला पोपट, उजव्या हाताला तोफ, पाठीशी अ‍ॅम्प. टांडो, चर्चचा ढोलवाला, आणि मी. ट्रंपेटची खुर्ची कुणीतरी मांडून ठेवली होती. मी म्हटलं काढा, जागा अडते. कुणी काढली नाही.

क्वामेना घरात, सजवून निजवलेला. मी बघायला गेलो नाही. बास जुळवायचा होता.

प्रार्थना, भाषणं. मंडळाच्या सेक्रेटरीने सांगितलं की क्वामेना शांत आणि मितभाषी होता. मागून कुणीतरी विचारलं, "कुठला क्वामेना?" सगळे हसले, विधवासुद्धा.

मग पेटी दारात आली आणि आम्ही सुरू केलं. बँडची जुनी चाल, आम्हीच बसवलेली. बास असा आला की पायाखालची जमीन गुरगुरली. म्हाताऱ्या बाया उठल्या, कमरेत वाकून नाचायला लागल्या. पोपट वाजत होता, तोफ वाजत होती. क्वान्सा आपल्या खोक्याकडे बोट दाखवत होता, अम्मिसा आपल्या. पेटी खांद्यावर चढली.

आणि आवाज गेला.

एकदम. टांडोची गिटार वाजतेय, ढोल वाजतोय, आणि खालून जमीन काढून घेतल्यासारखं. माझी पाठ त्या किनाऱ्यावरच्या वाळूला लागली, खरंच तसं वाटलं. तारांवर दोन्ही पंजे दाबले. वळलो, लाल खटका पाडला. मग शिव्या दिल्या. क्रमाने.

"पोपटाची वायर काढलीय!" क्वान्सा ओरडला. "पलटणीची पोरं ही!"

"आमची तोफही बंद आहे!" अम्मिसा ओरडला. "तुम्हीच काढली! आमचा आवाज सहन झाला नाही!"

"स्वतःचं खोकं कोण बंद करेल?"

"तेच विचारतोय!"

पेटीवाले थांबले. पेटी खांद्यावर, एक पाय पुढे, एक मागे. रेकॉर्डवाली पोरं कुठून उगवली कोण जाणे, झाडाखाली आपली मशीन उघडून बसलीच. मी गिटार गळ्यात घेऊनच उठलो आणि ओरडलो, आवाज कसा निघाला माहीत नाही, "कुणी काढली ते उद्या! आधी लावा! तो वर थांबलाय, दिसत नाही का तुम्हाला?"

सगळ्यांच्या माना खोक्यांकडे वळल्या.

पोपटाच्या खोक्यामागे पलटणीचा एक निशाणवाला उभा होता. दाढी आलेला, लग्न झालेला मोठा माणूस, आणि हात पाठीमागे. अम्मिसाने बघितलं. त्या हातातून वायर लोंबत होती. पोपट बंद झाला की नुसती तोफ गर्जेल, असा त्याचा हिशोब. रिंगण त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही सांगितलं होतं फक्त पहिलं कोण ते.

अम्मिसा चालत गेला. वायर त्याच्या हातातून घेतली, आणि वाकून, कप्तानाची टोपी खाली पडली तरी, स्वतःच्या हाताने पोपटात लावली. मग निशाणवाल्याला म्हणाला, "इथेच उभा राहा. या पक्ष्याला कुणी हात लावला तर तुझा हात तोडेन."

क्वान्सा बघत होता. त्याने आपल्या भाच्याला खूण केली. "जा, तोफेपाशी उभा राहा. ती बंद पडली तर आपणही बंद."

असं करून पोपटावर पलटणीचा पहारा आणि तोफेवर कुळाचा. मी थोडा वेळ थांबलो, खटका वर केला, व्हॉल्व्हकडे बघितलं. लाल नाहीत. ट्रान्सफॉर्मरला हात लावला. कोमट. जिवंत.

पुन्हा पहिल्यापासून धरलं. त्या चालीत मधे एक जागा आहे, बास थांबतो आणि ट्रंपेट उत्तर देतो. मी थांबलो. सवय. टांडोने गिटारवर ती जागा भरायला हवी होती, त्यानेही भरली नाही. मूर्ख. ढोलवाल्यानेही हात उचलून धरले. एवढ्या मोठ्या मैदानात एवढी मोठी रिकामी जागा, आणि कुणी खोकलंसुद्धा नाही. मग मी पुन्हा बास धरला आणि पेटी चालायला लागली.

झाकण थरथरलं की नाही, मला दिसलं नाही. घाम डोळ्यांत फार जात होता. उचलणाऱ्या एकाला नंतर विचारलं. तो म्हणाला, "एग्या, माझ्या खांद्याला मुंग्या आल्या होत्या." म्हणजे थरथरलं.

आज चर्चमध्ये आभाराची प्रार्थना, सगळे पांढऱ्यात. अजोआ अराबाशेजारी बसली होती, च्युइंगम खात. पाद्रीबाबांनी शांतीबद्दल प्रवचन दिलं. आठ ओमबद्दल एक शब्द नाही.

बुधवार, ५ मार्च

संपलं म्हटलं तर आज अम्मिसा आला. पाणी दिलं, निरोप विचारला.

"खोकं न्यायला आलो. पलटणीच्या घरात ठेवू, सणाला वाजवू." मग इकडे तिकडे बघून म्हणाला, "तोफ एकटी वाजेल ना, एबो? पोपटाशिवाय?"

एवढ्यात क्वान्साही दारात. त्याचंही तेच काम, तोच प्रश्न, फक्त उलटा.

अजोआने मला सांगितलंय. एकटं खोकं चार ओमचं. चकती चारवर फिरवायची, झालं. एक बोट लागतं. लहान मूल करेल.

मी म्हटलं, "नाही वाजणार."

"मुळीच नाही?"

"आठ लागतात. तुमचे चार, त्यांचे चार. वेगळी केलीत तर ट्रान्सफॉर्मर जळेल, आणि मग बसा डास ऐकत."

मग क्वान्सा म्हणाला, तर मग इथेच राहू देत, दुसरा काय इलाज. अम्मिसा म्हणाला, पण इथे ठेवायची तर लक्ष ठेवायला कुणीतरी यायला हवं, आपल्या खोक्यावर नाही, त्यांच्या. क्वान्सा म्हणाला, बरोबर, मीही येईन. मग पोपटाच्या डोळ्यावरून भांडण सुरू झालं. एक म्हणतो काच मिरवणुकीत हरवली, दुसरा म्हणतो चोरली. अंधार पडायला आला तरी उठायचं नाव नाही. मी दोनदा जांभई दिली. काही उपयोग नाही.

मधेच अम्मिसा म्हणाला, "एबो, वाजव ना थोडं." मी म्हटलं, कशाला उगाच. मग वाजवलं थोडं.

जाताना दोघंही म्हणाले, उद्या येतो. भलतीच कटकट लागली मागे.

अराबाला उद्या केंके दोन जास्त आणायला सांगितलंय.